सोलापूरच्या गिरण्यांतील गव्हर्नर : बदलत्या भाराखालीं इंजिनाचा वेग कसा राखला जातो

सोलापूरच्या गिरण्यांविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांत भांडवलाचा इतिहास आहे, मजुरांचा आहे, संपांचा आहे, आणि १९३० सालच्या लष्करी कायद्याचा तर विस्तारानें आहे. गिरणीची मोठाई सांगावयाची झाली म्हणजे चात्या किती, माग किती व माणसें किती, हे तीन आंकडे देण्याचा परिपाठही आतां रूढ झाला आहे. चौथा आंकडा मात्र बहुधा कोणी देत नाहीं. त्या चात्या आणि ते माग किती वेगानें चालत, हा तो आंकडा होय. दोन गिरण्यांत माग सारखेच असले, परंतु एकींतले माग दुसरीपेक्षां जलद चालत असले, तर नुसत्या संख्येवरून काढलेलें अनुमान तितकेंच चुकणार हें उघड आहे. हा वेग राखणारें उपकरण इंजिनघरांत असे व त्याला गव्हर्नर म्हणत. त्याची कृति, आणि विशेषतः त्याचा एक अंगभूत दोष, यांचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या दोषाचा संबंध मागावरच्या माणसाच्या मजुरीशीं थेट पोहोंचतो, आणि पुढें आजच्या विजेच्या जाळ्यांतही तोच पुन्हां भेटतो.

गव्हर्नर हा शब्द ऐकतांच मुंबई इलाख्याच्या लाटसाहेबांची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे, आणि दोन्ही शब्द मुळांत एकच आहेत. लॅटिन गुबेर्नातोर व त्याच्या मागें असलेला ग्रीक कुबेर्नेतेस यांचा अर्थ सुकाणूं धरणारा नावाडी असा आहे. (आमचें सुकाणूं हेंही अरबी सुक्कान यावरून आलेलें, म्हणजे परदेशींचेंच.) राज्यकर्त्यांना तो शब्द लागला तो मागाहून. यंत्रशास्त्रानें मात्र त्याचा मूळ अर्थच उचलला असें म्हणावें लागतें. कारण नावाडी वारा निर्माण करीत नाहीं, नाव कोणीकडे कलली तें पाहून तेवढें सुकाणूं वळवितो.

सोलापुरास आगगाडी १८६० सालीं पोहोंचली. तिच्या मागोमाग, १८७७ च्या सुमारास, मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिलाच पुढें जुनी गिरणी हें नांव पडलें. एकोणिसावें शतक संपतां संपतां व विसाव्याच्या आरंभीं लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु, जाम या गिरण्या निघाल्या. वाफेवर चालणाऱ्या त्या काळच्या सुती गिरणीची रचना सामान्यतः ठराविक असे. बॉयलर, एक मोठें इंजिन, त्याचें प्रचंड गतिचक्र, त्यावरून दोरांनीं किंवा पट्ट्यांनीं फिरणारे लांब दांडे, आणि दांड्यांवरील चाकांपासून एकेका सांच्यापर्यंत उतरलेले चामडी पट्टे. सबंध गिरणीचा प्राण एकच. त्यामुळें इंजिन शेंकडा एक मंदावलें तर पिंजणखात्यापासून मागखात्यापर्यंत सर्व कांहीं शेंकडा एक मंदावे. पट्टे घसरण्यानें होणारी थोडी तूट येथें सोडून देऊं.

आतां या इंजिनावरचा भार कधींच स्थिर नसे. भोंगा झाला म्हणजे सगळे सांचे एकदम सुरू होत नाहींत. एकेक पट्टा मोकळ्या चाकावरून घट्ट चाकावर सरकविला जातो व तेवढा तेवढा भार चढत जातो. धागा तुटला, धोट्यांतली कांडी संपली, कीं माग थांबतो. सूत काढण्याच्या सांच्यावर बॉबिनें भरलीं कीं तीं उतरून घेण्यासाठीं सांचा थांबवावा लागतो. थंडीच्या दिवसांत सकाळीं तेल घट्ट झालेलें असतें, तेव्हां तोच सांचा अधिक जोर मागतो. मधल्या सुट्टीच्या वेळीं तर पांच-दहा मिनिटांत जवळजवळ सगळा भार उतरतो. वाफ पूर्वीइतकीच येत राहिली आणि भार उतरला, तर उरलेला जोर जाणार कोठें? इंजिन उधळतें. मोठें गतिचक्र अशा वेळीं फुटून त्याचे तुकडे भिंती पाडून बाहेर गेल्याचीं उदाहरणें इंग्लंड-अमेरिकेंतील गिरण्यांच्या इतिहासांत पुष्कळ आहेत.

येथें एक शंका पुष्कळांच्या मनांत येते कीं, जड गतिचक्र असतांना आणखी गव्हर्नर कशाला? दोघांचें काम भिन्न आहे. पिस्टन दोन्ही टोकांना पोहोंचतो तेव्हां दट्ट्या क्षणभर जोर देत नाहीं, मध्यें असतो तेव्हां पुष्कळ देतो. एका फेऱ्याच्या आंतला हा चढउतार गतिचक्र आपल्या जडपणानें गिळून टाकतें. जात्याची वरची तळी जड असली म्हणजे दळणारीचा हात क्षणभर सैल पडला तरी जातें थांबत नाहीं, तसेंच हें. परंतु भार कायमचा वाढला असेल तर गतिचक्र नुसती सांठवलेली गति खर्च करीत राहतें आणि हळूहळू मंदावतें. तें गंगाजळीसारखें आहे. उत्पन्न वाढविणें त्याच्या हातीं नाहीं. उत्पन्न, म्हणजे वाफ, वाढविण्याचें काम गव्हर्नरचें.

तो हें काम कसें करतो हें सांगण्यास तेल्याच्या घाण्याचें उदाहरण आम्हांस सर्वांत सोयीचें वाटतें. घाण्यांत नवा घाणा टाकला कीं लाट जड फिरूं लागते, बैल मंदावतो, आणि तो मंदावलेला पाहून तेली त्याला टोंचतो. तेली आधीं टोंचीत नाहीं. किती बी टाकलें याचा हिशेबही तो करीत नाहीं. बैल मंदावला एवढेंच तो पाहतो. गव्हर्नरचें हुबेहूब असेंच आहे. इंजिनाच्या दांड्यावरून फिरविलेली एक उभी दांडी, तिला वरच्या टोंकाशीं बिजागरीनें जोडलेले दोन हात, आणि हातांच्या टोंकांस दोन लोखंडी गोळे. दांडी फिरूं लागली कीं गोळे बाहेर फेंकले जाऊन वर चढतात. त्यांच्याबरोबर दांडीवर सरकणारें एक कडें वर येतें, आणि त्या कड्याला जोडलेली तरफ वाफेच्या नळींतली झडप मिटूं लागते. वेग कमी झाला कीं गोळे खालीं येतात व झडप उघडते. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं हें उपकरण वाफेच्या इंजिनाला लाविलें. परंतु मूळ कल्पना त्याची नव्हे. पिठाच्या पवनचक्क्यांत फिरत्या गोळ्यांचा उपयोग त्यापूर्वींच होत असे, आणि वॅटनें त्यावर स्वामित्वाचा हक्कही सांगितला नाहीं.

या साध्या रचनेंत एक मर्यादा आहे, व ती आंकड्यांनींच नीट कळते. गोळ्यांच्या फिरण्याच्या पातळीपासून हातांच्या टांगणीपर्यंतची उंची केवळ वेगावर ठरते, गोळ्यांच्या वजनावर नाहीं. मिनिटास ६० फेरे असले तर ही उंची सुमारें २४.८ सेंटिमीटर येते, १२० फेऱ्यांस ६.२, आणि २०० फेऱ्यांस अवघी २.२. अर्थात् ६० फेऱ्यांवरून वेग शेंकडा पांचानें वाढला तर गोळे सुमारें २.३ सेंटिमीटर चढतात व झडप फिरविण्यास तेवढी हालचाल मिळते. १२० फेऱ्यांवर त्याच वाढीस अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित् अधिकच मिळते. इंजिनें जलद होत गेलीं तसा वॅटचा गव्हर्नर अपुरा पडला. अमेरिकेंतील चार्ल्स पोर्टर यानें १८५८ च्या सुमारास त्यावर जो उपाय काढला तो मोठा मार्मिक आहे. त्यानें दोन लहान गोळे ठेवून मधल्या कड्यावर एक अवजड वजन बसविलें. वजनाला केंद्रापासून पळण्याचा जोर नाहीं, नुसता खालीं ओढण्याचा आहे. म्हणून गोळ्यांना तें उचलण्यासाठीं पुष्कळ जलद फिरावें लागतें. मधलें वजन एका गोळ्याच्या दसपट असेल तर २.२ ची उंची अकरापट होऊन २४ च्या वर जाते, म्हणजे २०० फेऱ्यांवरही भरपूर हालचाल मिळते. पुढें वजनाच्या जागीं स्प्रिंग आली. हार्टनेलचा गव्हर्नर तो हाच. वाफ अडविण्याची रीतही सुधारली. नळीच चिमटून वाफेचा दाब मारण्याऐवजीं, १८४९ सालच्या कॉर्लिसच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास वाफ किती वेळ आंत सोडावी एवढेंच गव्हर्नर ठरवूं लागला. तेणेंकरून कोळसा वांचला व गिरणीमालकांना ती रीत लवकरच पटली.

आतां दोषाकडे वळूं. भार वाढला म्हणजे झडप अधिक उघडी राहिली पाहिजे. झडप अधिक उघडी राहण्यास गोळे खालीं राहिले पाहिजेत. आणि गोळे खालीं राहण्यास वेग कमीच राहिला पाहिजे. सारांश, गव्हर्नर वेगाची तूट थांबवितो, पण ती सगळी भरून देत नाहीं. भरून दिली तर झडप उघडी ठेवण्याचें कारणच नाहींसें होईल. बिनभाराच्या व पुऱ्या भाराच्या वेगांतला हा फरक म्हणजे गव्हर्नरचा उतार होय. उतार शेंकडा चार असेल तर पुऱ्या भारावर ६० फेरे घेणारें इंजिन रिकामें असतां ६२.४ फेरे घेईल.

शेंकडा चार हा आंकडा इंजिनघरांत क्षुल्लक वाटतो. मागखात्यांत तो तसा नव्हता. विणकामाची मजुरी सामान्यतः दिवसावर नसून विणलेल्या मालावर असे. समजा, एक माग मिनिटास बाण्याचे २०० धागे टाकतो, आणि वेग शेंकडा पांचानें उतरला. तर मिनिटास दहा, तासास सहाशें, आणि १९३४ च्या कायद्यानें ठरविलेल्या दहा तासांच्या दिवसांत सहा हजार धागे कमी पडले. कापडांत इंचास ४० धागे धरले तर हे १५० इंच, म्हणजे चार वारांहून अधिक कापड झालें. विणकरानें हात आंखडलेला नाहीं, धागाही तुटलेला नाहीं. तरी मजुरी गेली. गंमत अशी कीं, सगळे माग चालूं असतील तेव्हांच वेग सर्वांत कमी, आणि शेजारच्या ओळीचे माग बंद पडले कीं आपला माग किंचित् जलद. उलट बाजूनें वेग वाढला तर सूतखात्यांत निराळें संकट. फिरत्या चातीभोंवतीं धाग्यावर येणारा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. वेग शेंकडा पांचानें वाढला तर ताण दहांनीं वाढतो, आणि धागे तुटूं लागतात.

येथेंच इतिहासाच्या अभ्यासकानें थांबून विचार करावा असें आम्हांस वाटतें. गव्हर्नर वेग राखतो, पण कोणता वेग राखावयाचा हें तो ठरवीत नाहीं. तें ठरतें मधल्या वजनावरून किंवा स्प्रिंगच्या चाकीवरून. चार किलोचे गोळे व मधलें वजन चाळीस किलोचें असतां, त्यावर आणखी साडेचार किलो ठेवले कीं सबंध गिरणीचा वेग सुमारें शेंकडा पांचानें चढतो. नोटीस नाहीं, नवा करार नाहीं, जॉबरचें ओरडणें नाहीं. इंजिनघरांत एक लोखंडी चकती वाढली, आणि हजारों हातांना जलद चालणें भाग पडलें. दरपत्रकें जशींच्या तशीं असूनही मजुरी किंवा शीण बदलावा, याचें एक कारण असें इंजिनघरांत दडलेलें असूं शकतें. गिरण्यांचीं दप्तरें पाहतांना पगारपत्रकांइतकेंच महत्त्व इंजिनखात्याच्या वेगनोंदींना दिलें पाहिजे, असें आमचें मत आहे. सोलापुरांतील जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रें मोडींत गेलीं. अशा वह्या कोणाच्या घरीं, कोणाच्या माळ्यावर असतील तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं संग्रहांत याव्यात.

उतार हा दोष आहे तर तो काढून कां टाकूं नये? प्रयत्न पुष्कळ झाले. अशी रचना करतां येते कीं एका ठराविक वेगालाच गोळे कोठेंही स्थिर राहतील, त्याहून वेग तिळभर वाढला तर झडप पूर्ण मिटेल व तिळभर कमी झाला तर पूर्ण उघडेल. ऐकण्यास हें फार चांगलें. परंतु झडप मिटल्यावर नळींतली व सिलिंडरांतली वाफ संपेपर्यंत इंजिन धांवतच राहतें. मग तें मंदावूं लागतें, झडप उघडते, पण वाफ पोहोंचेपर्यंत वेग फाजील उतरलेला असतो. इंजिन एकदां धांवतें, एकदां दमतें, आणि हा हिंदोळा थांबत नाहीं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६८ सालीं रॉयल सोसायटीच्या कामकाजांत गव्हर्नरांवर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यांत या हिंदोळ्याचें गणित आहे. विक्षेप वाढत जाईल कीं विरत जाईल, हें यंत्राच्या समीकरणावरून आधींच सांगतां येतें, असें त्यांनीं दाखविलें. ज्या उपकरणांत भार बदलल्यावर वेग कायमचा थोडा बदलतो त्याला ते गव्हर्नर म्हणावयासही तयार नव्हते. त्याला त्यांनीं निराळें, कमी दर्जाचें नांव दिलें, आणि मूळ वेग परत आणणाऱ्यालाच गव्हर्नर म्हटलें. १८७६ सालीं रशियांतील विश्नेग्रादस्की यांनीं उलट बाजू मांडली. गव्हर्नरांत थोडें घर्षण आणि थोडा उतार असणें हेंच स्थैर्याचें साधन आहे, हें त्यांच्या निबंधाचें सार होय. गिरणीच्या इंजिनवाल्याला हें अनुभवानें ठाऊक होतें. तेलाच्या भांड्यांत हलणारी दट्टी गव्हर्नरला जोडून तो त्याची चुळबुळ मारीत असे.

ज्यांनीं वाफेचें इंजिन पाहिलें नाहीं त्यांनींही गव्हर्नरचा आवाज ऐकलेला असतो. सोलापूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या पुष्कळ वर्षें होत्या. सुपें भरभरून ज्वारी ओतली कीं इंजिनाचा स्वर जड होतो, धूर काळा पडतो. खोका रिकामा झाला कीं तोच स्वर हलका होतो. झडपेच्या जागीं येथें तेलाचा पंप आहे, एवढाच फरक. कांहीं जुन्या इंजिनांत तर गव्हर्नर वेग वाढल्यावर एखादा धडाकाच गाळून टाकी, व त्यामुळें रिकाम्या इंजिनाचा आवाज ठेंचाळत येई.

मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची वीज मिळूं लागली, आणि क्रमाक्रमानें सर्वत्र वाफेचें एकच इंजिन व त्याचे दांडे जाऊन सांच्यापाशीं विजेची मोटर आली. तेव्हांपासून गव्हर्नर गिरणींतून गेला असें वाटतें. वस्तुतः तो वीजकेंद्रांत गेला. आमच्याकडे विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. दोन ध्रुवांचें जनित्र त्यासाठीं मिनिटास बरोबर ३००० फेरे घेतें, आणि एका जाळ्यांत जोडलेलीं सगळीं जनित्रें परस्परांच्या पायांत पाय घालून चालतात. सोलापूरच्या यंत्रमागावरील चार ध्रुवांची मोटर पुऱ्या भारावर १४४० च्या सुमारास फिरते व तीही त्याच आवर्तनांशीं बांधलेली असते. म्हणजे गिरणीचा लांब दांडा नाहींसा झाला नाहीं. तो अदृश्य झाला, आणि फार लांबला.

या अदृश्य दांड्याच्या इतिहासांत सोलापूरला एक विशेष स्थान आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तरेचें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यासह पूर्व व ईशान्य भारताचेंही वीजजाळें कोसळलें, तेव्हां दक्षिणेचें जाळें वेगळें होतें; उरलेल्या देशाशीं त्याची जोडणी केवळ एकदिश प्रवाहानें होती, आणि दोन्हीकडचीं आवर्तनें आपापल्या गतीनें चालत. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं जनित्रें एकाच वेगानें फिरूं लागलीं.

अशा जाळ्यांत उताराचा दोष गुण ठरतो. दोन जनित्रांना उतारच नसेल तर वेगांत तिळभर फरक पडतांच एक सगळा भार ओढूं पाहील व दुसरें तो टाकून देईल. दोघांना सारखा उतार असेल तर वाढलेला भार दोघांत आपापल्या शक्तीच्या प्रमाणांत वांटला जातो, आणि त्यासाठीं कोणी कोणास निरोप पाठवावा लागत नाहीं. उतरलेला वेग हाच निरोप. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील एन. टी. पी. सी. च्या केंद्रांत ६६० मेगावॅटचे दोन संच अनुक्रमें २०१७ व २०१९ सालीं सुरू झाले. उतार शेंकडा पांच धरला तर आवर्तनें ५० वरून ४९.९५ वर उतरतांच अशा एका संचाच्या गव्हर्नरनें सुमारें १३ मेगावॅट अधिक द्यावयास हवेत. गोळे आतां नाहींत. दात्यांचें चाक, मोजणारा विजेचा डोळा आणि तेलाच्या दाबानें हलणारी झडप आहे. गणित मात्र पोर्टरच्या वेळचेंच आहे. उरलेला उतार भरून आवर्तनें पुन्हां ५० वर आणण्याचें, म्हणजे मॅक्सवेलच्या अर्थानें खऱ्या गव्हर्नरचें, काम भारप्रेषण केंद्राकडून हळूहळू केलें जातें.

ही व्यवस्था नेहमीं अशीच चालली असें मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत देशाच्या निरनिराळ्या भागांत आवर्तनें दिवसा ४८ च्या जवळ उतरावीं व रात्रीं ५१ च्या वर चढावीं, असें वारंवार होई. सतत झडप हलवीत राहणें आपल्या यंत्राला जाचक म्हणून पुष्कळ केंद्रांनीं आपले गव्हर्नर अडकवून ठेवले होते. प्रत्येकानें आपलें यंत्र जपलें, आणि सर्वांचा वेग बिघडला. २००२ नंतर आवर्तनांच्या प्रमाणांत विजेचा दर बदलण्याची पद्धति लागू झाली तेव्हां स्थिति सुधारूं लागली. त्या काळांत भारनियमन हा शब्द महाराष्ट्रांत घरोघरीं झाला. तो शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीनें नीट लक्षांत घेण्यासारखा आहे. गव्हर्नर भाराप्रमाणें वाफेचें नियमन करतो. वाफच पुरेनाशी झाली म्हणजे वाफेप्रमाणें भाराचें नियमन करावें लागतें. तेल्यानें बैलाला टोंचण्याऐवजीं घाण्यांतलें बी काढून घ्यावें, तसें तें आहे.

४८ आवर्तनांवर चालणारा यंत्रमाग शेंकडा चारानें मंद चालतो. मिनिटास २०० चे १९२ धागे होतात. वाफेच्या गिरणींत गव्हर्नरच्या उताराचें उदाहरण म्हणून वर घेतलेले शेंकडा चार ते हेच, फक्त त्यांचा उगम आतां विणकराला दिसेल अशा अंतरावर नव्हता. आज नियमानें ठरविलेली मर्यादा ४९.९० ते ५०.०५ अशी आहे. खालच्या टोंकालाही दोनशें धाग्यांमागें अर्ध्या धाग्याहून कमी फरक पडतो.